निळ्या किनारीचा रुमाल

सकाळी कोपरखैरण्याहून उरणच्या बसमध्ये जागा मिळवायचे दोनच मार्ग. एक तर दारातून घुसायचं, नाहीतर खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. रुमाल ज्याचा, जागा त्याची. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण भलेभले तो पाळतात. अबोलीनं त्या दिवशी तो मोडला, आणि मोडला तोही कसा... तर रुमालावर बसून.

खरं तर अबोली काही भांडखोर मुलगी नव्हे. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात नवी नोकरी, आठवडाभर उभ्यानं प्रवास, त्यात नवी चप्पल टाचेला लागलेली. समोर मोकळी सीट दिसली. तिच्यावरचा निळ्या किनारीचा रुमालही दिसला. तरी ती बसली.

"एक्स्क्यूज मी... इथे रुमाल होता ना?"

तिनं वर पाहिलं. घामेजलेला चेहरा, कपाळावर आलेले केस, आणि रागाचा मागमूसही नसलेले डोळे.

"नाही... मला तरी नाही दिसला."

त्याची नजर खाली गेली. ओढणीच्या कडेनं रुमालाचं निळं टोक डोकावत होतं. त्यानं ते पाहिलं, आणि त्यानं पाहिलेलं अबोलीनं पाहिलं.

"मग बाहेरच पडला असेल," असं म्हणून तो मागे वळला. "आई, जरा उभी राहा. तुर्भ्याला होईल एखादी खाली."

मागे त्याची आई होती. हातात पिशवी, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर.

आता उठायला हवं होतं. पण उठलं की रुमाल अख्ख्या बसला दिसणार — म्हणून अबोली तशीच बसून राहिली. कान गरम झाले होते. वर ती बाईच म्हणाली, "बस गो बाय, बस. तुला कामाव जायाचं हाय." अबोलीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुमाल तिच्याबरोबर घरी आला. तिनं तो धुतला, इस्त्री केला, पर्समध्ये ठेवला. तो मुलगा रोज याच बसला असायचा, त्याचीही नोकरी द्रोणागिरीलाच. आज नक्की द्यायचा, असं ती रोज ठरवायची आणि रोज तो समोर आला की गप्प व्हायची. मग तिनं स्वतःलाच शिक्षा दिली: जागा मिळाली तरी बसायचं नाही. तिनं म्हाताऱ्यांना जागा दिली, लेकुरवाळ्या बायकांना दिली, शेवटी कॉलेजच्या धडधाकट मुलींनाही देऊ लागली.

"तुम्ही बसण्याचा उपास धरलाय का?" एकदा त्यानं शेजारी उभं राहून विचारलं.

"नाही... उभं राहिलं की बरं वाटतं."

"मला पण," तो हळूच म्हणाला. "आजकाल."

बस वळली. दांड्यावरचे दोघांचे हात जवळ आले, आणि कुणीच हात सरकवला नाही. एरवी तिचा दिवस या एवढ्याशावर छान गेला असता. पण हा माणूस आपल्याला आवडतोय आणि आपण त्याच्याशी खोटं बोललोय, हे तिला आत खात होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच खरं नव्हतं.

मग एका सोमवारी साध्या बसऐवजी एसी बस आली. बंद काचा, रुमाल टाकणार कुठून? सगळ्यांची पंचाईत. अबोली मात्र सगळ्यांच्या आधी दारातून घुसली, खिडकीशी बसली आणि तो इस्त्रीचा रुमाल शेजारच्या सीटवर ठेवला. तोंडानं जमत नाही ते असं तरी जमेल, म्हणून.

तेवढ्यात हौसेराव आले. रोजचे प्रवासी, जागेच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही न ऐकणारे.

"उचला हा. कोणाची जागा?"

"आहे एकांची. येतायत."

"एकांची म्हणजे? नाव काय?"

नाव तिला ठाऊकच नव्हतं. मागून लोक रेटत होते. हौसेराव रुमाल उचलायला वाकले...

"माझ्या माणसाची जागा आहे," अबोली म्हणाली. जरा मोठ्यानंच.

हौसेरावांच्या मागेच तो उभा होता. हौसेरावांनी दोघांकडे पाहिलं, "मग आधी सांगायचं ना," असं पुटपुटले आणि पुढे सरकले.

तो रुमाल हातात घेऊन बसला. अबोलीची मान वर होईना.

"त्या दिवशी मी... याच्यावर बसले होते. खोटं बोलले. तुमच्या आईंना उभं ठेवलं. तेव्हापासून इतकी लाज वाटतेय..."

"माहितेय."

"टोक दिसलं होतं ना?"

"मला टोक दिसलं. आईला अख्खा रुमाल दिसला होता. उतरल्यावर मला म्हणाली, पोर लाजली म्हनून उठली नाय, तिला कदी इचारू नको."

अबोलीचे डोळे भरून आले. ज्या बाईला आपण उभं ठेवलं, तिनंच आपली लाज राखली होती. अबोलीनं ओढणीनं डोळे पुसले.

"मी निशांत," तो म्हणाला.

"अबोली."

"आई उद्या परत या बसला येतेय. माहेरी जायला, उरणला."

"मी दोन जागा धरते. त्यांची आणि तुमची. मी उभी राहीन."

निशांत हसला. रुमालाची घडी घालून त्यानं तिच्या हातात ठेवली, आणि हात तसाच राहू दिला.

"कोणी विचारलं, कोणाची जागा, तर?"

"एक आईंची म्हणेन. आणि दुसरी... निशांतची."

"नको. आज सांगितलंस तेच सांग."

"आईंसमोर?"

"आईसमोरच तर सांगायचंय."