बेटावरचा थांबा

मास्तर वर्तमानपत्र पसरून त्यावर पायाची नखं कापत बसले होते, तेव्हा दाराची बेल वाजली. उघडून बघतात तर वहिनी. दाताच्या डॉक्टरांची बायको. कित्येक वर्षांत या दारात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं.

"भावजी, आत येऊ का?"

"अहो, विचारताय काय? या ना."

वहिनी खुर्चीच्या कडेला टेकल्या. पाणी नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या. नुसता पर्सचा चाप उघडत-मिटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "यांना ऐकू कमी येतंय हल्ली. सारखं नाही. परसात त्या विमानात जाऊन बसतात ना, तिथून बाहेर आले की. कानाला दडे बसलेत म्हणतात. तुम्हीच सांगा भावजी, जमिनीवर ठेवलेल्या डब्यात बसून कुणाच्या कानाला दडे बसतात का?"

"कानाच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. कान ठणठणीत आहेत. आज मला म्हणाले, मास्तरला बोलावून आण. दुसऱ्या कुणाचं नाव घेईनात."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. कापलेली नखं तिच्यात तशीच राहिली.

मास्तरांनी उभा जन्म भूगोल शिकवला होता, पण त्यांचं खरं वेड विमानांचं. डॉक्टरांचंही तेच. दोघांची ओळख विमानवेड्यांच्या मंडळात झाली. मंडळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचं आणि त्यात दोन तट होते, निळ्या शेपटीवाले आणि लाल शेपटीवाले. त्या दोन्ही कंपन्या केव्हाच बुडाल्या होत्या. त्यांची विमानं भंगारात गेली होती, वैमानिक म्हातारे होऊन वारले होते. पण कोणाच्या सीटा ऐसपैस होत्या, कोणाकडे चहाच्या कपाला बशी मिळायची, कोणी कोणाचा मार्ग पळवला, यावरून पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. डॉक्टर निळ्या शेपटीचे. मास्तर कोणत्याच शेपटीचे नव्हते. ते पुराव्याचे होते. निळ्या कंपनीची झाडून सगळी वेळापत्रकं त्यांच्या कपाटात होती आणि त्यांचा शब्द म्हणजे मंडळात शेवटचा शब्द.

दोघांचं बिनसलं ते एका थांब्यावरून. डॉक्टर म्हणायचे, निळं विमान वाटेत बेटावर उतरायचं. मास्तर म्हणायचे, शक्य नाही, बेटावर धावपट्टीच नव्हती, नुसता खडक आणि मिठागर. एका बैठकीत वाद हातघाईवर आला. डॉक्टर उभे राहिले आणि कधी न सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर बोलून गेले. "माझे बाबा गेले होते त्या विमानाने. मी जाळीपाशी आईचं बोट धरून उभा होतो. बेटावर उतरतो, काम आटोपतो आणि लगेच येतो, असं मला सांगून गेले. ते आले नाहीत."

मास्तरांनी वेळापत्रक खाली ठेवलं आणि म्हणाले, "मुलाला काहीतरी सांगावं लागतं रे. घरातून निघून जाणारा माणूस आणखी काय सांगणार?"

डॉक्टरांनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि जिना उतरून गेले. ते मंडळात परत आले नाहीत.

पुढे मास्तरांच्या कानावर आलं की डॉक्टरांनी निळ्या शेपटीच्या एका विमानाचा मागचा भाग मिळवून दवाखान्यामागच्या अंगणात आणून ठेवलाय. ते ऐकून मास्तर आठवडाभर धड जेवले नव्हते. त्यामुळे आता वहिनींबरोबर निघताना काळजी किती आणि मत्सर किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारचं ऊन रणरणत होतं. अंगणात दोऱ्यांवर दवाखान्यातले पांढरे टॉवेल वाळत होते आणि त्यांच्यामागे तो डबा. लांबट, पत्र्याचा, जागोजागी रिव्हेटची रांग. शेपटी काढलेली होती. पुढची बाजू कापलेली, तिथे प्लायवूड ठोकलेलं, आणि प्लायवूडपासून हातभर अंतरावर कंपाउंडची भिंत. डबा लाकडी ठोकळ्यांवर टेकवला होता. मास्तर वाकले आणि त्यांनी खालून बघून घेतलं. फरशी, मुंग्यांची रांग, एक पालथी बादली. ना वायर, ना मोटार, ना चाक.

"आधी चुका काढून घे," मागून आवाज आला. "मग बसू."

डॉक्टर वाळले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. पण हसले ते जुनंच हसू.

विमानाचं दार मागच्या अंगाला होतं. आत चढल्यावर मास्तरांनी मधल्या वाटेवरून शेवटपर्यंत जाऊन प्लायवूडवर टकटक केली. मग सीटच्या कापडाला बोट लावून म्हणाले, "रंग चुकलाय. गडद निळा हवा."

"उन्हाने विटलाय. मूळचाच आहे तो."

मास्तरांनी वाकून बघितलं. कापड मूळचंच होतं. खिडक्यांच्या सरकत्या झडपा मूळच्या आणि काचाही मूळच्याच, इतक्या जुन्या की पांढुरक्या झालेल्या. उजेड आत यायचा, बाहेरचं काही दिसायचं नाही.

दोघं पहिल्या रांगेत प्लायवूडकडे तोंड करून बसले. वहिनींनी बशीसकट चहाचे कप आणून समोरच्या फळीवर ठेवले आणि उतरून गेल्या. डॉक्टरांनी मागे जाऊन दार ओढलं, कडी फिरवली, परत येऊन बसले.

"पट्टा लाव."

"कशाला?"

"लाव रे, मास्तर."

मास्तरांनी लावला. आत उकडत होतं. जुन्या कापडाचा, धुळीचा, तापलेल्या पत्र्याचा वास होता. बाहेर वहिनी बादलीत टॉवेल पिळत होत्या, त्यातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. मास्तरांना वाटलं, बिचारा एकटा पडलाय, बाकी काही नाही. आपण दोन शब्द गोड बोलावेत आणि निघावं.

मग त्यांच्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज लांब गेलाय.

त्यांनी आवंढा गिळला. कानात टक झालं, बादली क्षणभर जवळ आली आणि पुन्हा दडे बसले. आधीपेक्षा घट्ट.

"चहा बघ," डॉक्टर म्हणाले.

कप फळीवर सरळ उभा होता. आतला चहा सरळ नव्हता. तो मास्तरांच्या बाजूला कलला होता, थेट कपाच्या काठापर्यंत. पलीकडच्या बाजूला कपाचा पांढरा आतला भाग उघडा पडला होता. एखादा ठोकळा सरकला असेल, मास्तर मनाशी म्हणाले. ठोकळा सरकला, डबा कलला, सोपं आहे. त्यांनी आधारासाठी खिडकीवर पंजा टेकला आणि झटक्यात काढून घेतला. काच बर्फासारखी गार होती.

"आपण वर चढतोय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आता थोड्या वेळाने चहा सपाट होईल."

चहा सपाट झाला.

मास्तरांनी पट्ट्याकडे हात नेला. डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. "मध्येच उठू नकोस. मी एकदा प्रयत्न केला होता. उठता येतं, पण दार हलत नाही."

"तू रोज इथे बसतोस?"

"रोज."

चहा निवून त्यावर साय धरली. मग हळूहळू तो पुढे कलायला लागला, प्लायवूडच्या दिशेने. मास्तरांचे कान दुखायला लागले. खालून एक दणका बसला. बशीतला चमचा उडून वाजला. आणखी एक दणका, हलका. मग सगळं थांबलं.

"उतरलं," डॉक्टर म्हणाले.

"कुठे?"

डॉक्टर प्लायवूडकडे बघत होते. "दर वेळी इथपर्यंत येतो. मग मागे कडी वाजते. दार उघडतं. मला मान वळवायचा धीर होत नाही, मास्तर. माझं वय आता बाबांच्या दुप्पट झालंय. ते मला ओळखतील का? म्हणून तुला बोलावलं."

मागे कडी फिरली.

वारा आत आला. खारट, ओलसर वारा. या शहरापासून समुद्र फार लांब होता.

मग पाऊल वाजलं. वाटेवर जड, दमलेली पावलं. ती त्यांच्या मागे येऊन थांबली. सीट करकरली. पट्टा लागल्याचा खटका वाजला. आणि कोणीतरी घसा साफ करावा तसं खोकलं.

डॉक्टरांनी डोळे मिटले. ते कुजबुजले, "बाबा असे खोकत नसत."

मागे आणखी एक पाऊल वाजलं.

विमान परत येईपर्यंत मास्तर चहाकडे बघत राहिले. तो कलला, सपाट झाला, पुन्हा कलला. दुसरीकडे कुठे बघायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं. शेवटी अगदी लांबून बादलीचा आवाज आला. तेव्हा त्यांनी पट्टा काढला, डॉक्टरांचा दंड धरला आणि वळले.

सीटा रिकाम्या होत्या.

त्यांच्या मागच्याच सीटवर पट्टा लागलेला होता. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा खाली लोळतो. हा लोळत नव्हता. तो हवेत फुगीर उभा होता, पोटावर बसावा तसा. आणि तो अगदी सावकाश वर-खाली होत होता.

डॉक्टर पुढे वाकले. "बाबा?"

पट्टा थांबला. कुणी श्वास रोखून धरावा, तसा.

मास्तरांनी त्यांना फरफटत दाराकडे नेलं. आता दार सहज उघडलं. बाहेर ऊन होतं, टॉवेल होते, वहिनी होत्या. त्या काहीतरी विचारत होत्या. मास्तरांना त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले.

घरी आल्यावर मास्तर वेळापत्रकांच्या कपाटासमोर उभे राहिले, पण त्यांनी ते उघडलं नाही. मंडळाच्या बैठकीलाही गेले नाहीत. डॉक्टरांना फोन करावा असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरच आले. चपला न काढता दारातच उभे राहिले.

"मी परत गेलो होतो," ते म्हणाले. "दोन-तीनदा गेलो. आता दर वेळी तिथे माणसं चढतात. काल आत बसायला गेलो, तर जागा नाही."

"जागा नाही म्हणजे?"

"सगळे पट्टे लागलेत. आपल्या दोघांच्या सीटांचेसुद्धा." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसत राहिले. "एकेका सीटपाशी वाकून हाक मारली मी. विमान भरलं रे, मास्तर. पण त्यांच्यात बाबा नाहीत."

मास्तरांनी डॉक्टरांना हाताला धरून आत आणलं आणि बसवलं.

"भंगारवाल्याला सांगितलंय," डॉक्टर म्हणाले. "उद्या घेऊन जाईल. तू ये. एकट्याला नाही बघवणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेन आली, मागोमाग लांब ट्रक. भंगारवाल्याच्या माणसांनी डब्याला साखळ्या घातल्या. क्रेनवाल्याने डबा थोडा उचलला आणि लगेच खाली ठेवला. केबिनमधून डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ डॉक्टर, आतलं सामान काढलं नाहीत का? एवढ्याशा पत्र्याला वजन केवढं लागतंय!"

"आत सामान नाही," डॉक्टर म्हणाले.

क्रेनवाल्याने भंगारवाल्याकडे बघितलं, भंगारवाल्याने खांदे उडवले. दुसऱ्यांदा डबा उचलला गेला. तो ट्रकवर टेकला तेव्हा ट्रकचे टायर बसकण मारल्यासारखे दबले. वहिनी पायरीवर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

ट्रक सुरू झाला. डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, एक विचारू? खरं सांग. थांबत होतं ना रे बेटावर?"

मास्तरांनी आयुष्यात कधी पुराव्याशिवाय वाक्य उच्चारलं नव्हतं.

"थांबत होतं," ते म्हणाले. "मीच चुकलो."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचा हात मास्तरांच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. दोघं फाटकापर्यंत चालत गेले.

ट्रक कोपऱ्यावर वळला तेव्हा डब्याची एक बाजू उन्हात आली. पांढुरक्या काचा लखकन चमकल्या.

पुढच्या खिडकीची झडप कोणीतरी आतून हळूच खाली ओढली. मग तिच्या मागच्या खिडकीची. मग तिच्या मागची.