कोटाचं तिसरं बटण

या, टेका त्या बाकावर. घाई नाही ना? मग एका शिंप्याचा खून कसा उघडकीस आला ते सांगतो. सगळं तुमच्यापुढे मांडतो, ओळखायचं तुम्ही.

सकाळी दहाला शिंप्याच्या मुलीचा पोलिसात फोन. "बाबा मशीनवर मान टाकून पडलेत. उठतच नाहीत."

ढोल्या फौजदार धापा टाकत आला. डॉक्टर म्हणाला, हार्ट. फौजदाराला ते पचेना. चार वर्षांपूर्वी एका पत्रकाराला भररस्त्यात कुणी संपवलं होतं. झटापटीत मारेकऱ्याचा कोट मागे राहिला. शिंप्याने आपली शिलाई ओळखली. कोट कुणाच्या मापाचा, ते उद्या कोर्टात सांगणार होता. आणि नेमका आज गेला?

दुकानात तिघं. मुलगी, वीस वर्षं तिथेच कापड कापणारा कटर, आणि बातमी कळताच धावून आलेले एक साहेब. सरकारी ऑफिसातले, जुनं गिऱ्हाईक. काळा कोट, साखरेसारखा आवाज.

फौजदार वाकला. मेलेल्याच्या ओठाला काळ्या दोऱ्याचा तुकडा.

"कटर, काय शिवत होते?"

"शाळेचे पांढरे शर्ट. आठवडाभर तेच."

"मग काळा दोरा?"

"काळा परवाच संपला, फौजदारसाहेब. मी आज तोच आणायला गेलो, येतो तर हे असं."

"पण तोंडात कसा?"

"सवय! ओवताना टोक जिभेवर ओलं करायचं, शिवून झालं की दाताने तोडायचा. कापडाची कात्री दोऱ्याला लावली की माझ्यावर खेकसायचे."

"काल भांडलात म्हणे?"

"काल? रोज! वीस वर्षं शिव्या खाल्ल्या, त्याशिवाय जेवण जात नव्हतं मला."

साहेब हळूच मुलीला म्हणाले, "बाळ, बाबांची मापाची वही दे. आठवण म्हणून ठेवीन." मुलीने वही छातीशी घट्ट धरली.

फौजदार वळला. "साहेब, दुकानात याआधी कधी आलात?"

"वर्ष झालं असेल."

"कोट झकास आहे. जरा काढा."

"कशाला?"

"काढा हो."

फौजदाराने कोट उजेडात धरला. "बाकीच्या बटणांचे दोरे विटलेत. तिसरं कोरं काळं. कटर, हात कुणाचा?"

कटरने बटण बोटांत धरून वळवून पाहिलं. "मालकांचा. बटणाखाली दोऱ्याचा देठ असतो ना, त्याला असे तीन वेढे दुसरं कुणी घालत नाही."

"मग ऐका, साहेब. कटर बाहेर गेला, तुम्ही आत आलात. तुटलेलं बटण आणलंत, सोबत विष लावलेलं रीळ. ह्यानेच लावा, म्हणालात. त्यांनी दोरा जिभेवर धरला, दाताने तोडला. रीळ तुम्ही खिशात घातलंत. पण दोरा? तो तर अंगावर मिरवताय."

"मी का मारीन?"

मुलीने बाबांनी खूण घातलेलं पान उघडलं. "पत्रकाराच्या खुनात मागे राहिलेला कोट, त्याचं माप हे. डावा खांदा एक इंच उतरता."

फौजदाराने साहेबांच्या खांद्यांवर टेप टाकली. बरोबर एक इंच.

साखर विरघळली. "मी हुकमाचा नोकर. वरून नाव येतं. का, ते विचारायचं नसतं."

"आम्ही विचारू," मुलगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन कोर्टात तीच उभी राहिली.

त्या कटरला आता जवळचं दिसत नाही. घ्या ही सुई, तेवढा दोरा ओवून द्या मला. तोंडात मात्र धरू नका.