साऱ्या गावाला दिसेल असं

माझी स्कूटी तळ्याकाठच्या गाळात रुतली, तेव्हा मागून सहदेवचा ट्रॅक्टर आला.

“मॅडम, अथून रस्ता नाई. चिखल हाय.”

“आता सांगता?”

“तुमी थांबल्या असत्या, तं सांगतलं असतं. तुमी तं इमानावानी येऊन राहिल्या!”

दोर बांधताना तो हसत होता... आणि माझा राग कुठच्या कुठे गेला.

मी ज्योत्स्ना. अकोल्याहून बोरखेडीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले आणि आईसोबत तळ्याकाठच्या बुद्धविहाराजवळ राहू लागले. सहदेवचं घर तळ्याच्या दुसऱ्या काठाला, पाटीलपुऱ्यात. संध्याकाळी आम्ही तळ्याच्या पाळेवर, मातीच्या उंच बांधावर, भेटू लागलो. तो पाणगवतातल्या पाणकोंबड्या दाखवायचा. मी त्याच्याकडेच पाहायचे.

“पक्षी तिकडं हाय, मॅडम.”

“माहीत हाय मले.”

पण बोरखेडीभोवती नुसती सपाट काळी जमीन... ना टेकडी, ना झाडी. पाळेवरची दोन माणसं साऱ्या गावाला दिसली.

एक दिवस सहदेव मान खाली घालून म्हणाला, “बाबाले समजलं. विहाराजवळची पोरगी नाई पाह्यजे म्हंते थो. आपण अकोल्याले भेटत जाऊ. तिथं कोन ओयखते?”

“मी नाई येत.”

“काहून?”

“मी काय चोरी केली? लपून भेटाचं असंन, तं भेटूच नको.”

मी वळले. मागे न पाहता घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी पाळेवर एकटीच गेले. तो नव्हता. आले ते त्याचे वडील, महादेवराव.

“पोरी, अथी उभी राहू नको. साऱ्या गावाले दिसते.”

मी म्हणाले, “म्हणूनच तं उभी हाओ, काका. तुमाले बी दिसावं म्हणून.”

त्यांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात पाटीलपुऱ्याकडून सहदेव भरभर चालत आला. पारावरची माणसं उठून पाहू लागली. तो वडिलांसमोर थबकला... आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“बाबा, लगन करीन तं हिच्याशीच.”

“मंग माह्या घरात पाय ठेवू नको!” महादेवराव तरातरा निघून गेले.

मी सहदेवचा हात घट्ट धरला.

“मले तं तू अजून इचारलंच नाई.”

“इचारतो ना... करशीन?”

“करीन. पण आदी माह्या आईले भेट.”

उजेड होता अजून. हात न सोडता आम्ही पाळ उतरलो, आणि पारासमोरून विहाराकडे निघालो.