किती, भाऊ?

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्याच हातून घडली आहे. विश्वास ठेवा असं म्हणणार नाही, पण यात मी एकही शब्द वाढवलेला नाही.

मी चुडामण. जळगावच्या पिंप्राळ्यात माझं सुतारकामाचं दुकान आहे.

तुम्हाला वाटेल, रात्रीची गोष्ट असेल. नाही. भर दुपार होती. दोन्ही वेळा.

पहिली दुपार दोन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. दोंडाईच्यात एका घरी मी आणि माझा भागीदार असलम टीव्हीमागचं प्लायवूड बसवत होतो. प्लाय भिंतीला ठोकून झाला होता. दिव्यांच्या पट्टीसाठी त्यात सहा एमएमची खाच मारायची होती.

खाच मारायचं राउटर मशीन असलमचं. मी रंधा-पटाशीचा माणूस. त्या मशीनला बाजूला एक दांडा असतो. दांड्याखाली जेवढी फट ठेवाल, तेवढंच बिट, म्हणजे फिरणारं पातं, लाकडात उतरतं. असलम त्या फटीत सहा एमएमचा प्लायचा तुकडा घालायचा आणि मग दांडा आवळायचा.

त्या दिवशी तो तुकडा दुकानातच राहिला होता.

त्यानं बिट प्लायला टेकवून मशीन धरलं. म्हणाला, "भाऊ, पट्टीवर सहा लावा."

दांड्याशेजारच्या मापपट्टीवर बारीक आकडे होते.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं.

मी वाकून बघत राहिलो.

"पट्टी वाचताय की पत्रिका?" तो हसला. मग सवयीप्रमाणे मशीनवर बोटानं दोनदा वाजवलं. टक... टक. "किती, भाऊ?"

मी कुठल्या तरी रेघेवर दांडा आवळला आणि म्हणालो, "सहा."

बिट प्लाय ओलांडून भिंतीत शिरलं.

मागे वायर होती.

मशीन जुनं, लोखंडी अंगाचं. असलमचे दोन्ही हात त्यावर होते.

पंचनाम्याच्या वेळी खाच वीस एमएम खोल भरली. पोलिसांनी विचारलं, एवढी खोली कोणी लावली?

मी म्हणालो, "त्यानंच."

असलमचा मुलगा फैसल हाताचा चांगला कारागीर, पण त्याला कोणी काम देईना. चहाच्या टपरीवर रोहिदास मिस्त्री माझ्यासमोर म्हणाला, "बापले खोली लावता उनी नही, पोऱ्याले काय येई?"

सगळे हसले. मी चहा पीत राहिलो.

असलमची बायको जमीला मशीन घेऊन माझ्याकडे आली. "भाऊ, तुमच्याकडे राहू द्या. त्यांचा जीव होता यावर."

मी सून सरिताकडून आधी आकडे शिकलो, मग अक्षरं. आता पट्टी वाचून सहा लावायचो. सागाच्या दारात खाच मारून मोजायचो...

वीस.

पुन्हा लावायचो. पुन्हा वीस. दांडा मात्र जागचा हललेला नसायचा.

दुसरी दुपार गेल्या श्रावणातली. लाइट गेली होती. मशीन टेबलावर होतं, पिन काढलेली.

राउटरच्या आत स्प्रिंग असते. दाबलं की खाली जातं, हात सोडला की वर येतं. आपोआप खाली कधीच जात नाही. त्याला माणसाचा भार लागतो.

मी पाणी प्यायला वळलो. गल्लीत एकही रिक्षा वाजत नव्हती...

मागून करकर आवाज आला.

मशीन खाली जात होतं. हळूहळू. कोणी बेतानं दाबावं तसं...

थांबलं.

टक... टक.

"सहा," मी म्हणालो. तोंडातून तेच आलं.

मशीन दबलेलंच.

टक... टक.

"असलम, मला वाचता येत नव्हतं."

मशीन खट्कन वर आलं.

मी तसाच जमीलाच्या घरी गेलो. उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "दुपारी आमच्या दारावर दोनदा वाजतं. उघडलं की कोणी नसतं. दोन वर्षं मी दार उघडून त्यांनाच रागवत होते, भाऊ. घाई कशाला केली म्हणून."

तिनं दार लावून घेतलं.

टपरीवर जाऊन मी रोहिदासलाही सांगितलं. आता फैसलला कामं येतात. जमीलाच्या दारावर वाजायचं थांबलं, असं फैसलच सांगून गेला. माझी खाचही सहाचीच पडते. फक्त पोलिसांच्या पंचनाम्यात अजून 'त्यानंच' असंच लिहिलेलं आहे.

पण रोज दुपारी, पिन काढलेली असताना, मशीन दबलेलं सापडतं.

टक... टक.

मी चष्मा लावतो. पट्टी नीट वाचतो. खरा आकडा मोठ्यानं सांगतो.

मशीन वर येत नाही.