नजर समोर

"उर्सुलाबाई, माझी मुलगी चोर नाही," एवढं बोलून क्षितिजा केळुसकर खुर्चीत बसल्या आणि ओढणीने डोळे पुसू लागल्या.

उर्सुला डिमेलो पापडीत खासगी तपासाचं काम करत. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशांची, त्यामुळे रडणारी आई त्यांना नवीन नव्हती. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला हाक मारली. श्रीरंगराव साटम डोळे चोळत खाली आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ बाईंचे मदतनीस होते. म्हणजे स्कूटरवर मागे बसत, आणि बाईंनी आधीच ओळखलेली गोष्ट नंतर सावकाश ओळखत.

"फुलपाड्याला राहतो आम्ही," क्षितिजाताई म्हणाल्या. "ज्ञानदा वटारच्या सैनिकी प्रबोधिनीत सुट्टीतल्या शिबिराला गेलीय. तिथे तिचं इतकं कौतुक झालं, की दहावीनंतर प्रबोधिनीत विनाशुल्क प्रवेश द्यायचं ठरलं. आणि परवा दुपारी ती पहाऱ्यावर असताना मानाचा बिगूल गेला. मेजरसाहेब म्हणतात, एक तर ती झोपली, नाही तर तिनेच घेतला. उद्या सकाळी समारोपाची परेड आहे. आज संध्याकाळी तिला घरी पाठवणार. प्रवेशही गेला."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, 'मी झोपले नव्हते, सगळं नीट केलं.' एवढंच. लहानपणापासून फौजेचं वेड आहे हो तिला. हा डाग लागला तर पोर पुन्हा ते नाव काढणार नाही."

उर्सुलाबाई उठल्या. "श्रीरंगराव, टोपी घ्या. ऊन आहे."

वटारच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या वाड्या. समुद्राचा वारा पानांतून फिरत होता आणि कुठून तरी सोनचाफ्याचा वास येत होता. स्कूटरवर मागे बसून श्रीरंगरावांचे डोळे मिटू लागले. शाळेत असताना त्यांनाही अशाच एका शिबिराला जायचं होतं. आईने टायपिंगच्या क्लासला घातलं. तरी झोप लागताना अजून कधीकधी त्यांना बुटांचा आवाज ऐकू येई. पोरांची रांग धुक्यातून चाललेली असे, आणि शेवटच्या पोराचा चेहरा त्यांचा असे.

"उतरा," बाई म्हणाल्या. "पोचलो."

प्रबोधिनी म्हणजे आंब्याच्या झाडांत लपलेली एक लांबलचक बैठी इमारत. प्रमुख मेजर हर्षवर्धन पाटणकर निवृत्त झाले होते, पण त्यांची पाठ अजून नोकरीत होती. त्यांनी स्वतः मानाची खोली दाखवली. एकच दार, ते व्हरांड्यात उघडणारं. खिडक्यांना दाट गज. मधोमध एक चौरंग, त्यावर मखमली खोळ, आणि शेजारी पितळी फुलदाणीत चाफ्याची फुलं.

"दुपारच्या विश्रांतीत खोली हवेशीर राहावी म्हणून उघडी ठेवतो आणि पहारा लावतो. एरवी कुलूप असतं, आणि किल्ली फक्त माझ्याकडे. पहाटे वाजवायला बिगूल मीच काढून देतो आणि परत ठेवतो," मेजर म्हणाले. "परवा पहारा सोपवताना मी खोळ काढून ज्ञानदाला बिगूल दाखवला. विश्रांती संपल्यावर खोळ उचलली, तर खाली हा."

त्यांनी खोळ उचलली. आत एक पालथा तांब्या होता.

"तांब्या स्वयंपाकघरातला?"

"हो. व्हरांड्यात पाण्याच्या माठावर असतो. कोणीही उचलावा."

"मधल्या वेळात तुम्ही आलात का?"

"एकदा. चष्मा राहिला होता म्हणून." मेजरांचा आवाज खाली आला. "बाई, मला काय आनंद आहे का यात? तिच्याइतकी चांगली कॅडेट मी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. म्हणून तर जास्त लागलं."

ज्ञानदा कार्यालयाच्या बाकावर बसली होती. पंधरा वर्षांची, उन्हाने रापलेली, गणवेशाची इस्त्री अजून कडक. डोळे मात्र सुजले होते.

"कोण कोण आलं गं खोलीत?" उर्सुलाबाईंनी विचारलं.

"फर्डिनंड अंकल आले, किचनवाले. हातात सरबताचा जग होता, झाकण नव्हतं. रिकामे ग्लास घेऊन गेले. मग डायना मिस. त्या स्विमिंग शिकवतात. ट्रॅकसूट होता, केस ओले, निळी फर्स्ट एडची पेटी आत ठेवून गेल्या. जाताना हात मोकळे. मग मेजर सर आले, गेले. मग बर्नार्ड सर. ते रोज येतात, खोलीत फुलं ठेवायला. ते पण आले, गेले. बस. सिरियसली मॅडम, मी डोळा पण मिटला नाही. बर्नार्ड सरांनी शिकवलंय तसं सगळं केलं."

"करून दाखव."

ज्ञानदा मानाच्या खोलीच्या दारात जाऊन विश्रामात उभी राहिली. मेजर खोलीतून बाहेर पडले, तसा तिने बूट आपटला आणि ती सावधान झाली. नजर समोरच्या आंब्यावर. एक माशी येऊन तिच्या नाकावर बसली, तरी पापणी हलली नाही. उर्सुलाबाई मेजरांच्या मागोमाग फुलदाणी हातात घेऊन चाफ्याचा वास घेत बाहेर आल्या आणि व्हरांड्याच्या कडेने वळल्या. बाईंना फुलांचं एवढं प्रेम कधीपासून, हे श्रीरंगरावांना कळेना.

बाई परत आल्या आणि ज्ञानदाच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. तिने गोंधळून मान हलवली.

स्वयंपाकघरात फर्डिनंड कांदा चिरत होता. तो अर्नाळ्याचा, अंगाने आडवा आणि तोंडाने फटकळ.

"माझं नाव घेनार, माहीत हाय मना!" तो म्हणाला. "बर्नार्डशी माझं भांडन हाय म्हनून. रोज पहाटे तो कानाशी बिगूल फुंकतो आनि माझी झोप मोडतो. पन तो घेऊन मी काय करू? त्यात पानी भरू?"

"आता बरी झोप मिळत असेल."

"कुठली! रविवारपासून भोंग्यावर बिगुलाची टेप लावतात. तो तर आनखी मोठा."

चोरी सोमवारची. श्रीरंगरावांनी हे मनात टिपलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना.

डायना परेरा मैदानावर मुलांना दोरीवरून चढवत होती. ती हसून म्हणाली, "मी तर कधीपासून म्हणतेय, परेडला स्पीकर लावा. पण उद्या पाहुणे म्हणून बर्नार्ड सरांच्या पलटणीचे जुने साहेब येणार. सर महिनाभर तयारी करत होते. आणि नेमका रविवारी घसा बसला. तेव्हापासून तोंडावर रुमाल. काल बिगुलाची रंगीत तालीम होती, ती पण राहिलीच ना."

बर्नार्ड लोपीस यांचं घर वाडीच्या पलीकडेच होतं. सैन्यात बिगुलवादक म्हणून उभं आयुष्य काढलेला हा हवालदार आता मुलांना कवायत शिकवे. ओसरीला सायकल टेकवलेली होती, हँडल एका बाजूला वळलेलं. वाशाला सुकेळ्यांचे पुडे टांगले होते. राजेळी केळी उन्हात सुकवून केळीच्याच वाळक्या पानांत बांधलेले, लांबट पुडे.

"ये बाय, बस." बर्नार्डनी रुमाल तोंडाशी धरला होता. तळहातावर खरचटल्याची खपली होती. "घसा गेलाय. पोरीचं ऐकून जीव तुटतो बघ. गुणाची पोर."

त्यांनी एक पुडा सोडून दोघांपुढे ठेवला. सुकेळं चिवट, मधासारखं गोड, जिभेवर रेंगाळणारं. स्वतः बर्नार्डनी हात लावला नाही. ते वाडग्यातली पेज पीत होते. तिच्यावर साय धरली होती.

"तुम्ही नाही घेत?" श्रीरंगरावांनी भरल्या तोंडाने विचारलं. "तुमच्या हातची सुकेळी म्हणे गावात नावाजलेली."

"आवड सरली," म्हातारा म्हणाला आणि वाडीकडे पाहत राहिला.

दुपार कलत होती. वाऱ्यावर पुडे हळूहळू झुलत होते आणि ते पाहता पाहता श्रीरंगरावांना पेंग आली. सगळे पुडे पाळण्यासारखे हलत होते, फक्त कोपऱ्यातला एक तेवढा हलत नव्हता. त्यांच्या अर्धवट स्वप्नात तो पुडा म्हणजे कवायतीतला एक हट्टी पोरगा झाला. सगळे चालतात आणि हा आपला सावधान.

जागे झाल्यावर त्यांनी ते बाईंना हसत हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "श्रीरंगराव, तुम्ही झोपेत माझ्यापेक्षा चांगलं पाहता," त्या म्हणाल्या आणि मेजरांना निरोप धाडला.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला जांभळाखाली सगळे जमले. क्षितिजाताई लेकीची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आधी एक चोरी मी कबूल करते," उर्सुलाबाईंनी सुरुवात केली. "मेजरसाहेब, मानाच्या खोलीतली फुलदाणी कुठे आहे?"

मेजर गोंधळले. "तिथेच असेल."

"माठाशेजारी आहे. दुपारी ज्ञानदाच्या समोर, तुमच्या मागोमाग मी ती उचलून बाहेर आणली. नंतर मी तिला विचारलं, माझ्या हातात काय होतं? ज्ञानदा, काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला माहीत नाही," ज्ञानदा पुटपुटली. "सर जात होते ना. सावधानमध्ये मान वळवायची नसते. नजर समोर."

"आता तिची जबानी आठवा. फर्डिनंडच्या जगाला झाकण नव्हतं, हे तिला ठाऊक. डायनाचे केस ओले आणि हात मोकळे, हेही ठाऊक. कारण आचाऱ्याला किंवा ट्रॅकसूटला सावधान द्यायचं नसतं. ती आरामात उभी होती आणि बघत होती. पण मेजर सर 'आले, गेले'. बर्नार्ड सर 'आले, गेले'. त्यांच्या हातांबद्दल अवाक्षर नाही. ती झोपली असती किंवा खोटं बोलत असती, तर तिने त्यांच्याही हातात काहीबाही घातलं असतं. तिने नियम मोडून जरा मान वळवली असती, तर चोर तिथेच सापडला असता. ही पोर पहारा चुकली म्हणून बिगूल गेला नाही. तिने पहारा बिनचूक दिला म्हणून गेला."

क्षितिजाताईंनी लेकीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे मी, नाही तर..." मेजर थांबले.

"तुमच्याकडे किल्ली आहे. कुलूप उघडून केव्हाही नेता आला असता, पहारा असताना कशाला न्याल? ज्याच्याकडे किल्ली नाही, त्यालाच दुपारची वेळ साधावी लागली. आणि सावधान उभ्या पोरीला बाजूचं दिसत नाही, हे तिला शिकवणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

बर्नार्ड खाली मान घालून बसले होते. रुमाल तोंडावरच होता.

"पण का?" डायना म्हणाली. "त्या बिगुलावर तर त्यांचा जीव आहे!"

"म्हणूनच." उर्सुलाबाईंचा आवाज मऊ झाला. "बिगूल गेला सोमवारी, पण तो वाजायचा थांबला रविवारीच. घसा बसलेला माणूस गरम पेज पितो. हे साय धरेपर्यंत गार केलेली पितात. घसा बसलेला माणूस मफलर गळ्याला गुंडाळतो, ओठांवर रुमाल धरत नाही. सायकलचं हँडल वळलंय, तळहात सोललाय. आणि आपल्या हातचं सुकेळं चावायची सोय उरली नाही. बर्नार्डकाका, रविवारी पडलात तेव्हा पुढचे दात गेले, हो ना? दाताशिवाय ओठांना आधार नाही. बिगूल वाजत नाही, नुसती हवा जाते."

म्हाताऱ्याने सावकाश रुमाल खाली घेतला. पुढे वर काही नव्हतं, नुसती काळी खिंड.

"कवळीला महिना लागेल म्हणतो डॉक्टर," ते म्हणाले. "आणि साहेब उद्या येणार. तेच म्हणायचे, लोपीस, तुझ्या बिगुलाने मेलेला माणूस उठेल. त्यांच्यापुढे मी फुस्स करून हवा सोडू? आणि वाजवता येत नाही म्हटल्यावर माझं इथे काम काय? वाटलं, बिगूलच नसला तर कोणी विचारणार नाही. परेड झाली की ठेवून देईन. पहाऱ्यावर कोण आहे, बघितलंच नाही मी. मग पोरीचं नाव आलं, आणि मला तोंड उघडायचा धीर होईना. दोन दिवस मी गप्प बसलो. चोरीपेक्षा ते वाईट."

"बिगूल ओसरीवर आहे," बाई म्हणाल्या. "वाळक्या पानांत बांधून, कोपऱ्यात टांगलेला. वाऱ्यावर न हलणारा पुडा. तो श्रीरंगरावांनी शोधला."

श्रीरंगरावांना एवढा मान आयुष्यात मिळाला नव्हता. तरी त्यांचं लक्ष म्हाताऱ्याच्या खरचटलेल्या हातांकडेच होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

मेजर उठले, ज्ञानदासमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कॅडेट केळुसकर, चूक माझी होती. तुझी जागा तुझीच आहे." मग बर्नार्डकडे वळून म्हणाले, "हवालदार, उद्या परेडला या. बिगूल घेऊन. वाजवायला नको, आणायचा."

सकाळी वटारच्या वाड्यांवर अजून दव होतं. चर्चची घंटा थांबली आणि मैदानावर बुटांचा आवाज सुरू झाला. श्रीरंगराव पालकांच्या रांगेत बसले होते. मुलं धुक्यातून चालत आली, त्यांनी नकळत शेवटच्या पोराचा चेहरा पाहिला, आणि तो दुसऱ्याच कोणाचा असल्याचं त्यांना बरं वाटलं.

मानाच्या खोलीच्या दारात ज्ञानदा पहाऱ्यावर होती. आतून बर्नार्ड बाहेर आले. छातीवर पदकं, हातात चकाकता बिगूल. तिने बूट आपटला. सावधान.

आणि ते शेजारून जाताना तिने मान पूर्ण वळवली आणि त्यांच्याकडे, त्यांच्या हातातल्या बिगुलाकडे सरळ पाहिलं.

हवालदार लोपीस थांबले. "नजर समोर, पोरी," ते म्हणाले, पण आवाजात हुकूम नव्हता.

"नाही सर," ज्ञानदा म्हणाली. "आधी बघणार. मग सावधान."

म्हातारा तोंड लपवायचं विसरून हसला.