थेसलीचा पाचवा ठोका

"बाबा, घंटा चारदा वाजवली, तर पाचवा ठोका कोण मारतं?"

हा प्रश्न मी भरल्या सभागृहात विचारला, तोही हसत हसत. "तुझी हिंमतच नाही, एनिड लस्कम!" असं म्हणत मेव्हिस आणि ऑलिव्हने पैज लावली होती. त्या दिवसांत मी नुकतेच केस कापले होते, सकाळच्या प्रार्थनेला उतारा वाचायला माझी निवड झाली होती आणि मला जमणार नाही असं काही जगात आहे, हे मला मान्यच नव्हतं.

घंटा 'थेसली'ची. ही हलकी क्रूझर युद्धनौका आमच्या डेव्हनपोर्ट बंदरातून निघायची आणि इथंच परतायची. एकोणीस साली बाल्टिक, मग माल्टा, सत्तावीसला शांघाय, नंतर वेस्ट इंडीज आणि शेवटी राखीव ताफ्यात नुसतं गंजणं. गेल्या वर्षी ती भंगारात निघाली आणि घंटा आमच्या शाळेला मिळाली, सभागृहात टांगली. जहाजाचा सगळा इतिहास मी वहीत उतरवला होता. त्यात एकच काळी ओळ: शांघायला जाताना धुक्यात धडक, नेड हॅनाफोर्ड जागीच ठार.

बाबा जहाजावर नेडच्याच बॉयलरखान्यात कामाला होते, म्हणून आज मुलींशी बोलायला त्यांना बोलावलं होतं.

नेडच्या आई आमच्या शाळेत झाडलोट करतात. घंटेचं पितळही त्याच घासतात. मला नेहमी म्हणायच्या, "त्याला कळलंसुद्धा नाही गं. तुझे बाबाच घरी येऊन सांगून गेले. तेवढ्यावर जगतेय बघ."

जादा ठोका पहिल्याच आठवड्यात ऐकू आला. तो पितळेचा नव्हताच. बोदा, जड, लोखंडावर पाना आपटावा तसा. पुढच्या आठवड्यात दोन झाले. मग तीन. आणि त्यांच्यामागून एक शांतता यायची, कुणीतरी पलीकडे कान लावून थांबल्यासारखी.

प्रश्न ऐकून मुली खिदळल्या. बाबा हसले नाहीत.

"जुनी घंटा. तडा गेला असेल," ते म्हणाले.

दोरी खुंटीला गुंडाळलेली होती. लोलक हलला नाही. मी बघत होते.

तीन ठोके. शांतता. पुन्हा तीन.

"एनिड, भूतही तुझ्याच बाजूचं!" मेव्हिस फिसकन हसली.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. दाराशी हातात फडकं घेऊन हॅनाफोर्डबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता, टोपी तिथंच टाकून, बाबा बाहेर पडले. टोपी छातीशी धरून मी त्यांच्यामागे धावले. भर रस्त्यात माझे कान तापले होते. मी त्यांचं सगळ्यांसमोर हसं केलं होतं.

घरी आईने चहा ओतला. कुणी प्यायलं नाही.

"बॉयलरखान्याचं ते पाणी अडवणारं दार मी लावलं," बाबा म्हणाले. "हुकूम यायच्या आधी. पाणी गुडघ्याला लागलं आणि मी घाबरलो."

"पण नेड तर जागीच..." मी म्हणाले.

"तो आत होता. त्याने तीनदा ठोकलं. मग थांबला. ऐकत होता." त्यांनी ओठ पुसले. "मी पान्याने एकदा उलट ठोकलं."

"म्हणजे काय, फ्रँक?" आईने विचारलं.

"म्हणजे, थांब, आलोच. आणि मी वर निघून गेलो. तो आत जिवंत आहे हे वर सांगितलं असतं, तर दार कुणी लावलं हे विचारलं असतं. चौकशीत म्हणालो, आतून काही आवाज नव्हता."

वहीतली ती ओळ मला आठवली. 'जागीच' या शब्दाखाली मी लाल शाईची रेघही मारली होती.

"हॅनाफोर्डबाईंना यातलं अक्षर कळता कामा नये," आई म्हणाली. "त्यांच्याकडे तेवढंच आहे. ते काढून घ्यायचं?"

बाबांच्या बोटाने टेबलावर एकदाच टक् केलं. त्यांचं त्यांना कळलंही नाही.

कपातला चहा हलला नाही. पण टेबलाच्या लाकडातून, खालच्या बाजूने, उत्तर आलं.

तीनदा.

मग शांतता. आम्ही तिघंही तिच्यात बसून होतो.

मी उठले.

"आई, मी आत्ता हॅनाफोर्डबाईंकडे चाललेय. सगळं सांगणार आहे. बाबा, कोट घाला. तुम्हीही येताय."