ठाकूरद्वारच्या शोकेसमधली खोली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे आणि त्या दुपारी मी तिथे होतो.

जानेवारी १९५६. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. गिरगावात सगळी दुकानं बंद.

माझे वडील कमलाकांत नाटकांचं नेपथ्य करायचे. चळवळीत प्रयोग रद्द व्हायला लागले, म्हणून त्यांनी ठाकूरद्वारच्या एका दुकानाची शोकेस सजवली. काचेमागे अख्खा दिवाणखाना. सोफा, रेडिओ, पंखा. बघायला ही गर्दी व्हायची!

माझ्या आईला, लीलाला, आयुष्यभर अस्साच दिवाणखाना हवा होता. पण चार महिन्यांपूर्वी ती चाळीतल्या आमच्या एका खोलीतच वारली. आपण तिच्याच मनातला दिवाणखाना उभा केलाय, हे बाबांच्या लक्षातही आलं नाही.

त्यात एक चूक झाली. सेटला उघडणारं दार हवंच, आत आलेल्या माणसाला बाहेर जाता आलं पाहिजे, असा बाबांचा दंडक होता. पण दुकानाचे मालक तुळशीदासशेठ यांना भिंतीशी माल मांडायचा होता. मग बाबांनी कापडी भिंतीवर दार नुसतं रंगवलं.

तेव्हापासून माझी सहा वर्षांची बहीण गुणवंती म्हणायची, "आई काचेत बसते."

आम्ही तिला गप्प करायचो.

त्या दुपारी गुणी घरातून नाहीशी झाली...

रस्त्यावर लाठ्या, धूर, पळापळ. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

शोधत शोधत दुकानापाशी आलो. शटर बंद. आणि आतून...

रेडिओचा आवाज.

वरच्या मजल्यावरून तुळशीदासशेठ किल्ली घेऊन धावत आले. "कमलाकांत, त्या रेडिओला वायरच जोडली नाय अजून!"

कुलूप सकाळपासून कुणी काढलंच नव्हतं.

आत गुणी सोफ्यावर बसली होती. केसांची पाचपेडी वेणी घातलेली. तशी वेणी फक्त आईला यायची.

तिच्या शेजारची गादी दबलेली होती...

 बाबांनी सुरी घेऊन ते रंगवलेलं दार कापलं.

"लीला, जा आता. पोरीला सोड."

कापड आपोआप बाहेर उचललं गेलं...

रेडिओ थांबला. गादी हळूहळू वर आली.

घरी आल्यावर मी गुणीला विचारलं, "आई तिथे अडकली होती ना गं? रडत होती?"

"नाही रे दादा. हसत होती. बाबांनी जा म्हटलं, तेव्हा रडली."

मी आता ऐंशी पार केलीये. गुणी वाचली, त्याचा आनंद आहेच. पण हसत बसलेल्या आईला आम्ही कुठे घालवलं, ते मला अजून कळलेलं नाही.